सासूबाईंचा सीटी, कोळंबी आणि किडनी

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. बरीच वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये तीन सेंटीमीटरची गाठ निघाली. डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन 'ट्रिपल फेज' सीटी स्कॅन करायला सांगितलाय. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.३ आलंय. शेजारच्या काकू म्हणतात, त्या इंजेक्शनने किडनी जाते. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, सीटी नकोच, एमआरआय करा, त्यात औषध नसतं. सेंटरच्या फॉर्मवर 'आयोडीनची अ‍ॅलर्जी आहे का' असा प्रश्न आहे. सासूबाईंना कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात. दीर म्हणतात, 'नाही' लिहून टाक, नाहीतर स्कॅन करणारच नाहीत. सासऱ्यांना मागे एकदा पांढरं पाणी पाजून फोटो काढले होते, तसं पाजून भागणार नाही का? आणि स्कॅनच्या वेळी मला सासूबाईंजवळ थांबता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी फॉर्मचं बघू, कारण सही तुम्हाला लगेच करायची आहे. कोळंबीचं लिहा. स्पष्ट लिहा : 'कोळंबी खाल्ल्यावर गांधी उठतात, श्वासाचा त्रास होत नाही' किंवा होत असेल तर 'होतो'. एवढ्यावरून कोणी स्कॅन रद्द करायला नको. आणि दिरांना सांगा, त्या फॉर्मवर खोटं लिहून फायदा कोणाचाच नाही. समोरचा माणूस इंजेक्शन हातात घेऊन उभा असतो, त्याला खरं कळलेलं बरं.

कोळंबी आणि आयोडीन यांची सांगड कुणी घातली देवजाणे, पण ती चुकीची आहे आणि डॉक्टर मंडळींच्यातही अजून पूर्ण गेलेली नाही. कोळंबी, खेकडे, शेवंड यांनी ज्यांच्या अंगावर उठतं, त्यांचं शरीर बहुतेक वेळा त्या प्राण्यांच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाशी भांडत असतं. मासळीत आयोडीन असतं आणि सीटीच्या इंजेक्शनातही आयोडीन असतं, म्हणून एकाची अ‍ॅलर्जी ती दुसऱ्याची, असा तो हिशेब. आयोडीन हा शरीराला लागणारा घटक आहे, रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम लागतो. सासूबाई जन्मभर आयोडीनयुक्त मिठाचं जेवल्या असतील. खुद्द आयोडीनची अ‍ॅलर्जी असती, तर ती कोळंबीपर्यंत थांबली नसती. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येते ती त्या औषधाच्या अख्ख्या रेणूमुळे. कसलीही अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना, म्हणजे शेंगदाणे असोत, पेनिसिलिन असो वा कोळंबी, इतरांपेक्षा थोडा जास्त धोका असतो, एवढं खरं. त्यात कोळंबीला वेगळा मान नाही.

फॉर्मवर दोन गोष्टी मात्र अगदी आठवून लिहा. पूर्वी कधी सीटी, अँजिओग्राफी किंवा जुन्या काळातली किडनीची आयव्हीपी (शिरेत औषध देऊन काढलेले एक्स-रे) झाली होती का, आणि तेव्हा अंगावर उठलं, घसा आवळला, बीपी पडलं असं काही झालं होतं का? सगळ्यात वजनदार प्रश्न तोच. 'हो' असेल तर रेडिओलॉजिस्ट दुसरं कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत आतले भाग उठून दिसावेत म्हणून द्यायचं औषध, निवडतील, आदल्या रात्रीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या देतील किंवा दुसरी तपासणी सुचवतील. दुसरं, दमा आहे का. थायरॉइडचंही सांगा. थायरॉइड कमी पडतं म्हणून रोज सकाळी गोळी चालू असेल तर अडचण नाही. वाढलेलं असेल आणि आटोक्यात नसेल, तर आधी त्या डॉक्टरांना विचारावं लागतं.

आता काकूंची किडनी. काकूंना मी मोडीत काढणार नाही. त्यांनी जे ऐकलंय ते एका काळात बरंच खरं होतं.

सीटीच्या इंजेक्शनात आयोडीन का घालतात, तर त्याचा अणू जड, एक्स-रे अडवतो. रक्तात आयोडीन मिसळलं की रक्तवाहिन्या आणि ज्या भागात रक्त जास्त जातं ते भाग फोटोत पांढरे दिसतात. पण ते पुरेसं दिसायला भरपूर घालावं लागतं. १०० मिलीच्या एका इंजेक्शनात साधारण ३० ग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या दोन लाख पट. ते रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि किडनी ठीक असेल तर २४ तासांत जवळजवळ सगळं लघवीवाटे निघून जातं. जुन्या औषधांची तऱ्हा वेगळी होती. ती आयनिक होती, म्हणजे पाण्यात मिठासारखी फुटायची आणि रक्ताच्या पाच ते सात पट दाट असायची. मिठात कैरी घातली की तिला कसं पाणी सुटतं, तसं त्या औषधाने आजूबाजूच्या पेशींतलं पाणी ओढलं जायचं. दंड जळायचा, उलट्या व्हायच्या, बीपी हलायचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टन आल्मेन यांनी न फुटणारा रेणू बनवण्याची कल्पना मांडली आणि त्यातून आजची नॉन-आयनिक औषधं आली. आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल, आयोप्रोमाइड ही त्या घरातली नावं. त्यांची दाटी रक्ताच्या दुप्पट-तिप्पट. आयोडिक्सॅनॉल तर रक्ताइतकंच आहे. १९९० साली जपानमधून तीन लाखांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. जुन्या औषधांनी गंभीर रिअ‍ॅक्शन दहा हजारांत २२ जणांना आली होती, नव्यांनी दहा हजारांत ४ जणांना. आज शिरेतून देण्याच्या सीटीसाठी नॉन-आयनिकच वापरतात. तरी फोनवर 'नॉन-आयनिकच देता ना?' असं विचारून घ्यायला काही हरकत नाही.

किडनीचं बोलायचं तर क्रिएटिनिनचा आकडा एकटा घेऊन घाबरूही नये आणि निर्धास्तही राहू नये. कोकणात काय नि कुठे काय, रिपोर्ट हातात आला की सगळे त्या आकड्यासमोरची नॉर्मलची मर्यादा बघतात. १.३ म्हणजे 'जरासं वर', सोडून द्या. पण तोच १.३ तीस वर्षांच्या तरुणाचा असेल, तर वय आणि स्त्री-पुरुष धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, ७५ च्या आसपास येते. तुमच्या ६४ वर्षांच्या सासूबाईंची तीच क्षमता साधारण ४६ येते. एकच क्रिएटिनिन, आणि किडनीत एवढा फरक. लॅबने रिपोर्टवर ईजीएफआर छापला नसेल तर डॉक्टरांना काढून द्यायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

४६ हा आकडा कुठे बसतो? शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टने किडनीला धक्का बसण्याची खरी काळजी ईजीएफआर ३० च्या खाली असेल तेव्हा, किंवा किडनी त्याच दिवसांत अचानक बिघडलेली असेल तेव्हा करतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट आणि किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्र बसून तेच म्हटलंय. पूर्वी स्कॅननंतर क्रिएटिनिन वाढलं की सगळं खापर इंजेक्शनवर फुटायचं. ज्यांना इंजेक्शन दिलंच नाही अशा आजारी माणसांचं क्रिएटिनिनही तेवढ्यात वाढतं, हे नंतर तुलना केल्यावर लक्षात आलं. तेव्हा १.३ क्रिएटिनिनसाठी ट्रिपल फेज सीटी टाळावा, असं मला वाटत नाही. काळजी घ्यावी, एवढंच वाटतं.

आणि ती काळजी बहुतेक तुमच्याच घरात आहे. सासूबाई गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतात का? मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीशिवायची, 'दुखलं की एक' अशी गोळी? किडनीला त्रास द्यायला ती पुरते, आणि फॉर्मवर तिची नोंद कोणी करत नाही, कारण ती 'औषध' धरलीच जात नाही. डॉक्टरांना सांगून स्कॅनच्या आधी आणि नंतर काही दिवस ती बंद ठेवा. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर तेही आधी कळवा, तहानलेल्या किडनीवर इंजेक्शन नको. आदल्या दिवशी आणि नंतर पाणी भरपूर द्या, मात्र हृदयाच्या त्रासासाठी पाण्यावर बंधन असेल तर नाही.

शुगरच्या गोळ्यांमधली मेटफॉर्मिन हा वेगळा मुद्दा आहे. मेटफॉर्मिन आणि कॉन्ट्रास्ट आपसांत भांडत नाहीत. किडनी मंदावली तर मेटफॉर्मिन अंगात साठतं, भीती त्याची आहे. कधी थांबवायचं यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट ३० च्या वर ईजीएफआर असेल तर थांबवायला सांगत नाहीत. तिथल्याच औषध नियामकाच्या सूचनेनुसार ३० ते ६० मध्ये असणाऱ्यांनी थांबवावं आणि ४८ तासांनी किडनी तपासून सुरू करावं. सासूबाई नेमक्या या मधल्या पट्टीत आहेत. मी असतो तर थांबवली असती, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. तुमचे डॉक्टर आणि सेंटर सांगतील ते करा, पण एक करा : गोळ्यांची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे मेटफॉर्मिन पुष्कळदा ग्लिमेपिराइड किंवा दुसऱ्या कशाबरोबर एकाच गोळीत येते, आणि वरचं नाव तिसरंच असतं. 'मेटफॉर्मिन घेता का?' 'नाही हो, त्या पांढऱ्या गोळ्या घेते.' हा संवाद आमच्याकडे नेहमीचा आहे. आणि ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी स्कॅनला आलं की शुगर खाली जाते, चक्कर येते, आणि मग नाव कॉन्ट्रास्टचं होतं. म्हणून सकाळची पहिली वेळ मागा, किती तास उपाशी राहायचं ते विचारा आणि त्या सकाळच्या गोळीचं काय करायचं तेही.

आता इंजेक्शन हवंच का? लिव्हरच्या गाठीसाठी हवं. मुतखडा शोधायचा असता, डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झालाय का बघायचं असतं, तर साधा सीटी पुरला असता. लिव्हरमधली गाठ साध्या सीटीत एक करडा ठिपका दिसते, कधी तोही दिसत नाही. ती कसली आहे हे कळतं रक्त तिच्यात कसं शिरतं आणि कसं निघतं यावरून. लिव्हरची गंमत अशी, की त्याला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून पोर्टल शिरेने, उरलेलं पाव हिस्सा धमनीने. इंजेक्शन दिल्यापासून तीस-पस्तीस सेकंदांनी औषध धमनीतून पोचतं, सत्तरेक सेकंदांनी पोर्टल शिरेतून सगळ्या लिव्हरभर पसरतं, आणि तीन-पाच मिनिटांनी ओसरू लागतं. या तीन वेळी तीन वेळा फोटो, म्हणून ट्रिपल फेज. मशीनचा पंप सेकंदाला तीन-चार मिली या वेगाने औषध ढकलतो, कारण ते सगळं एकदम पोचलं नाही तर हे वेळापत्रकच फसतं. म्हणून इंट्राकॅथ जाड लावतात, कोपराच्या आतल्या शिरेत. सासूबाईंनी 'एवढी मोठी सुई कशाला' म्हटलं तर हे सांगा.

लिव्हरमधली निरुपद्रवी गाठ, हीमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचाच गुंता, फार सर्रास सापडते. पहिल्या फोटोत तिच्या काठावर पांढरे ठिपके दिसतात, पुढच्या फोटोंत ते आत-आत भरत जातात, शेवटी गाठ जवळपास पूर्ण पांढरी. लिव्हरच्या पेशींचा कॅन्सर प्रामुख्याने धमनीच्या रक्तावर पोसतो. तो पहिल्या फोटोत झळकतो आणि नंतरच्या फोटोंत भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळवंडतो. तुमच्या सासूबाईंची गाठ कसली हे पत्रावरून मी सांगणार नाही, कोणी सांगूही नये. इंजेक्शन टाळून साधा सीटी काढला तर पैसे आणि किरण दोन्ही वाया जाऊन प्रश्न होता तिथेच राहील, एवढं मात्र सांगतो.

सासऱ्यांचं पांढरं पाणी म्हणजे बेरियम सल्फेट. ते अन्ननलिका, जठर, आतडी यांच्या आतल्या बाजूला लेप देतं आणि विरघळत नसल्यामुळे रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. गिळायला अडचण होत असेल तर उत्तम. लिव्हरच्या गाठीपर्यंत ते पोचणारच नाही. सीटीआधी सासूबाईंना लिटरभर पाणी प्यायला दिलं, त्यात थोडं औषध मिसळलेलं असलं, तर ते आतड्यांसाठी असतं, इंजेक्शनऐवजी नव्हे.

नणंदबाईंचं अर्धं बरोबर आहे. एमआरआयला किरण नसतात. औषध मात्र असतं. लिव्हरच्या गाठीसाठी एमआरआय केला तरी इंजेक्शन द्यावंच लागतं, फक्त ते गॅडोलिनियमचं. हा धातू एक्स-रे अडवायला नव्हे, तर शेजारच्या पाण्याच्या रेणूंचं चुंबकीय वागणं बदलायला घालतात, आणि तो थोडासाच लागतो. साठ किलोच्या माणसाला गॅडोटेरेट सुमारे १२ मिली, गॅडोब्युट्रॉल ६ मिली. मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे, म्हणून तो एका रेणूत बांधून देतात. ही बांधणी दोन प्रकारची : एकात तो उघड्या साखळीत धरलेला, दुसऱ्यात बंद कड्यात. २००६ मध्ये लक्षात आलं, की किडनी अगदी निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा आणि सांधे ताठरून जातात आणि त्याचा संबंध गॅडोलिनियमशी, विशेषतः उघड्या साखळीवाल्या काही औषधांशी आहे. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा दिसतात. त्यातून अमुक आजार होतो असं सिद्ध झालं नाही, पण युरोपच्या नियामकाने २०१७ मध्ये साखळीवाल्या बहुतेक औषधांवर बंदी आणली. त्यांतली दोन लिव्हरसाठी ठेवली. त्यांपैकी गॅडोक्सेटेट हे तर नेमकं तुमच्या प्रश्नासाठीचं : त्याचा साधारण अर्धा भाग लिव्हरच्या पेशी स्वतः शोषून पित्तात टाकतात. वीस मिनिटांनी फोटो काढला की निरोगी लिव्हर उजळतं आणि ज्या गाठीत कामाच्या लिव्हरपेशी नाहीत ती काळी उरते.

म्हणजे एमआरआय हा सीटीपेक्षा 'औषध नसलेला' पर्याय नाही. तो दुसऱ्या औषधाचा पर्याय आहे. सीटीत उत्तर अर्धवट आलं, किंवा आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची मोठी रिअ‍ॅक्शन पूर्वी येऊन गेली असेल, तर मीही एमआरआयच सांगेन. पण त्यात पाच-सहा वेळा श्वास रोखून पडावं लागतं, पंचवीस-तीस मिनिटं त्या बोगद्यात. सासूबाईंना जमेल का, हे नणंदबाईंनी पुण्याहून नको, तुम्ही घरात बघून ठरवा. पेसमेकर असेल तर आधी सांगा.

तिसरी एक वाट आहे, तिचं नाव आमच्याकडे फार कोणी घेत नाही : कॉन्ट्रास्टची सोनोग्राफी. यात शिरेतून सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे बुडबुडे देतात, तांबड्या पेशींपेक्षाही लहान. ते किडनीतून जातच नाहीत, वायू श्वासावाटे काही मिनिटांत बाहेर पडतो. आयोडीन नाही, गॅडोलिनियम नाही, किरण नाहीत, आणि गाठीत रक्त कसं भरतं ते डोळ्यांसमोर सलग दिसतं. किडनी खरोखर खराब असलेल्या रुग्णासाठी ही फार चांगली तपासणी आहे. पण एका वेळी एकच गाठ नीट बघता येते, पोटातल्या गॅसमुळे लिव्हरचा काही भाग झाकला जातो, आणि करणारा हात सरावाचा लागतो. मोठ्या शहरांतल्या काही ठिकाणीच होते. तुमच्यासाठी ती आता पहिली पायरी नाही.

स्कॅनच्या दिवशी काय होईल ते सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरतील. औषध शिरलं की अंगभर गरम लाट जाते, तोंडाला धातूची चव येते, आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. पुष्कळ बायका या एका गोष्टीने एवढ्या संकोचतात की हलतात आणि फोटो बिघडतो. दंडाला सुईच्या जागी जोरात दुखलं किंवा फुगलं तर मात्र लगेच ओरडून सांगायचं, औषध शिरेबाहेर जात असू शकतं. गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेक पहिल्या वीस मिनिटांतच येते. म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, सुईही लगेच काढत नाहीत. 'झालं ना, चला गाडी निघेल' करू नका. घरी गेल्यावर एक-दोन दिवसांनीही अंगावर थोडं पुरळ उठू शकतं. ते सहसा आपोआप जातं, पण फोन करून कळवा. सेंटरकडून दिलेल्या औषधाचं नाव आणि मात्रा रिपोर्टवर लिहून घ्या, आणि जाताना जुनी सोनोग्राफीची फाइल विसरू नका, गाठ तीच आहे का हे त्यावरूनच कळतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. सुई लावेपर्यंत आणि गादीवर निजवेपर्यंत बहुतेक ठिकाणी तुम्हाला थांबू देतील. प्रत्यक्ष फोटो काढताना बाहेर जावं लागेल, किरण तुम्हाला उगाच कशाला? तंत्रज्ञ काचेपलीकडून बघत असतो आणि माइकवरून त्याचं आणि सासूबाईंचं बोलणं चालू असतं. सासूबाईंना ऐकायला कमी येत असेल तर ते आधीच सांगा, म्हणजे 'श्वास रोखा'साठी तो हाताने खूण ठरवून घेईल.